नीलवृषाचा तापलेला कान

जे पुढे लिहिणार आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नव्हते. एकावन्न वर्षे आम्ही ताटाशेजारी ताट मांडून जेवलो. तिला ठाऊक नव्हते. ज्यांच्या पायाशी बसून मी वेद शिकलो त्या गुरुजींना ठाऊक नव्हते. देवाला सांगितले असे म्हणावे — तर तेही खरे नाही. देवापुढे मी रोज पापांचा मोघम उच्चार केला, सर्व पापांचा, एकत्र. आणि ज्या एकाचे नाव घ्यायला हवे होते तिथे डोळे मिटून घेतले. म्हणून हे ऐकणारा तू पहिला. तुला मी ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जीभ वळते आहे.

आरंभ मात्र आनंदाने करतो. विचित्र आहे खरे. पण शहाऐंशीव्या वर्षी मनुष्याला एखादी गोष्ट समजल्याचा इतका आनंद व्हावा, की त्याने हातातली जपमाळ खाली ठेवून द्यावी — हे माझे मलाच नवल आहे. आणि तो आनंद सांगितल्यावाचून मला दुसरी गोष्ट सांगताच येणार नाही. दोन्ही एकाच दाराने आत आल्या.

माझी नात वैदेही गेल्या महिन्यात सुट्टीवर आली. ती जनावरांच्या रोगांवर संशोधन करते. नेमके कशावर, हे घरात कोणी विचारत नसे. "गुरांच्या सर्दीवर शिकून राह्यली," एवढेच तिची आई शेजारणींना सांगे आणि शेजारणी पदर तोंडाला लावून हसत. एका दुपारी ओसरीवर मी तिला विचारले, की बाळ, मला नीट सांग. तिने एकदा माझ्याकडे पाहिले — म्हाताऱ्याला खरेच हवे आहे की वेळ घालवायचा आहे, असे — आणि मग गेल्या वर्षीच्या पंचांगाची कोरी पाठ पुढे ओढून तिच्यावर एक वर्तुळ काढले.

"ही गाईच्या नाकातली एक पेशी, आजोबा."

त्या वर्तुळात तिने पुष्कळ ठिपके दिले. ही प्रथिने. पेशीतली सारी कामे हीच करतात — कोणी भिंत सावरून धरते, कोणी चूल पेटती ठेवते, कोणी निरोप नेते, कोणी पहारा करते. माणसाला नागीण होते ना, तिच्याच कुळातला एक विषाणू गुरांना होतो. नाक लाल होते, वाहते, मागल्या बाजूला पुरळ उठते, ताप येतो, आणि गाय गाभण असेल तर पुढे काही दिवसांनी, काही महिन्यांनी, ती गाभ टाकते. एवढे तर मीही ऐकून होतो. पण तिचे काम त्याच्या आधीचे. विषाणू पेशीच्या दाराशी आला, आत शिरला — त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांचे काय होते? ती निरोगी पेशी आणि बाधित पेशी शेजारी शेजारी ठेवतात. एका तासाने पाहतात, दोन तासांनी, चार तासांनी. कोणते प्रथिन वाढले, कोणते घटले, याची नोंद करतात.

"आणि बाहेरून?" मी विचारले. "बाहेरून पेशी कशी दिसते?"

"जशीच्या तशी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, काही फरक नाही. पण आत घर बदललेलं असतं."

मी तिला तेच पुन्हा सांगायला लावले. मग तिसऱ्यांदा. पाठशाळेत असताना एखाद्या सूत्राचा अर्थ महिनाभर डोक्यावरून जात असे आणि मग एका सकाळी, नदीवर आंघोळ करताना, अचानक उलगडे — तेव्हा पाठीतून जो शहारा जाई, तोच पुन्हा गेला. घर उभे आहे, दार बंद आहे, अंगणात सडा घातलेला आहे; आणि आत कोणी भिंतींची जागा बदलतो आहे. दृश्याच्या आत एक अदृश्य आहे हे मी जन्मभर शिकवत आलो. ते मोजता येते, तासातासाने पाहता येते, हे मला कोणी कधी सांगितले नव्हते. मी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. पेशीला कळते का? ती काही करते का? ती हरते म्हणजे काय होते?

"कळतं की. ती ओरडते. शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिनं असतात, ती बनवू लागते. पण हा विषाणू हुशार, आजोबा. चोर घरात शिरताना आधी काय करतो? कुत्र्यापुढे भाकरी टाकतो. तसं हा सगळ्यात आधी ओरडणाऱ्यालाच गप्प करतो. बाकीची चोरी मग सावकाश."

ती हसली. मीही हसत होतो. आणि हसता हसता — कसे सांगू — माझे तोंड तसेच उघडे राहिले. कारण त्या ठिपक्यांच्या वर्तुळात मला सुखदेव दिसला.

सुखदेव आमच्या गावचा गुराखी.

गाव अमडापूरपासून पायी दीड तासावर. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती. मी तिशीच्या आतला, पाठशाळेतून शिकून नुकताच परत आलेला, आणि पंचक्रोशीत माझ्याइतके धर्मशास्त्र वाचलेला कोणी नाही अशी माझी समजूत — समजूत का म्हणतो? खात्री होती. गावातले मोठे जमीनदार बापूसाहेब यांचे वडील वारले. बापूसाहेबांनी मला बोलावून सांगितले, की बाबांच्या अकराव्याला वृषोत्सर्ग करायचा, आणि तो शास्त्रात लिहिला आहे तसा करायचा. म्हणजे मृताच्या नावाने वळू सोडायचा. एकदा सोडला की त्याला कोणी बांधायचे नाही, औताला जुंपायचे नाही, हाकलायचे नाही; तो गावच्या गाईंत मोकळा फिरणार.

असा वळू कोणताही चालत नाही. शास्त्रात त्यातही उत्तम सांगितला आहे तो नीलवृष. तो निळा नसतो, बरे का. अंगाने तांबडा, तोंड आणि शेपूट पांढुरके, खूर आणि शिंगे पांढरी — त्याला नीलवृष म्हणतात. मी तो केवळ ग्रंथात वाचला होता. माझ्या गुरुजींनीही पाहिलेला नव्हता. आणि मरणाच्या सहाव्या दिवशी, बापूसाहेबांच्या दोन माणसांबरोबर दूरच्या एका गुरांच्या बाजारात, धुळीत, शेकडो जनावरांच्या मधोमध — तो उभा होता. तांबडा. तोंड पांढुरके. मी जवळ गेलो. खूर पाहिले. शिंगे पाहिली. शेपटीचा गोंडा हातात घेऊन पाहिला. दात पाहिले, डोळे पाहिले, नाक पाहिले — काळेभोर, ओले, थंड. एकही वैगुण्य नाही. ग्रंथातले वाक्य उठून माझ्यापुढे उभे राहून कान हलवत होते. त्या दिवसाचा हर्ष आठवला की आजही छाती भरून येते, आणि हे मी लपवणार नाही. तो हर्ष खोटा नव्हता.

आता वैदेहीमुळे मला कळते की कदाचित त्याच घटकेला, मी त्याचे लक्षण पाहत होतो तेव्हाच, त्या काळ्याभोर नाकाच्या आत पहिले काही तास चालू झालेले असतील. बाहेरून जसेच्या तसे. आत घर बदलते आहे. माझा हात त्याच्या नाकावर होता. केवळ एका कातडीचे अंतर!

पण तिथे माझा दोष नाही. तिथे असता तर किती बरे झाले असते.

दोष अकराव्या दिवशीच्या सकाळचा.

नदीकाठी मांडव घातला होता. आजूबाजूच्या गावांतून, उंद्रीकडूनही, वैदिक मंडळी आली होती. नीलवृष मिळाला ही वार्ता पसरली होती आणि ते मला पाहण्यापेक्षा त्याला पाहायला आले होते, तरी मला ते एकच वाटत होते. गोऱ्ह्याला आंघोळ घालण्याचे काम सुखदेवकडे होते. मी माझी आसने मांडत असताना तो ओल्या हातांनी जवळ आला. तो उंच, किडकिडीत, डोक्याला जुने पागोटे. बोलायच्या आधी खाकरायची त्याला सवय होती.

"महाराज, जरासक इकडं या."

मी गेलो.

"याच्या नाकाले लाली आलीये. शेंबूड साधा नाही, चिकट हाये. मांगं बी फोड दिसून राह्यले बारीक बारीक. याले आठ दिस येगळा बांधा, मंग सोडा. आता गाईत नका सोडू. माह्या पुष्कळ गाई गाभण हायेत."

'माह्या गाई' असे तो म्हणे. त्याची स्वतःची एक शेळी होती. गाई गावाच्या होत्या.

मी काय म्हणालो? "सुखदेव, अकरावा दिवस आठ दिवस थांबत नाही." हे मी थोड्या मोठ्याने म्हणालो, पलीकडच्या मंडळींना ऐकू जावे एवढ्या आवाजात, आणि कोणी तरी हसून म्हणालेही, "आता गुराखीच मुहूर्त सांगते काय बे?" सुखदेव खाली पाहून हसला. मागे फिरला.

इथे तुला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तू माझ्या बाजूने विचार करशील. तू म्हणशील, अकरावा दिवस टळत नाही, ब्राह्मण तरी काय करील? वाचका, शास्त्रात पर्याय आहे. योग्य वळू मिळाला नाही तर पिठाचा करावा, मातीचा करावा, दर्भाचाही चालतो. मला तो भाग मुखोद्गत होता. मांडवात मूठभर नव्हे, भारा भरून दर्भ होता. पाव घटकेचे काम. मृताला गती तितकीच मिळाली असती.

पण दर्भाचा बैल पाहायला उंद्रीहून कोण आले असते?

मग विधी झाला. गोऱ्ह्याच्या एका बाजूला त्रिशूळ, दुसऱ्या बाजूला चक्र, गेरूने काढले. त्याच्या नाकातून दोरीसारखा ओघळ लोंबत होता. तो मी माझ्याच उपरण्याने पुसला — मंडळींकडे पाठ करून, इतक्या सहजपणे, की तो विधीचाच भाग वाटावा. आणि शेवटी मंत्र त्याच्या उजव्या कानात सांगायचा असतो. मी वाकलो. त्याचा कान हातात धरला.

कान तापलेला होता. थंडीतल्या सकाळी, नुकतीच आंघोळ घातलेल्या जनावराचा कान — निखाऱ्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. त्याचा श्वास माझ्या गालावर आला तोही तसाच. मला कळले. कळले नाही असे म्हणण्याची जागा मला त्या कानाने ठेवली नाही. मी तो कान हातात धरून, स्वर न चुकवता, संपूर्ण मंत्र म्हटला. आणि त्याला सोडला.

तो हळूहळू चालत सुखदेवच्या गाईंत गेला. मंडळी म्हणाली, वा.

तीन आठवड्यांत गाईंची नाके वाहू लागली. मग गाभ जाऊ लागले. एकीचा गेला, तेव्हा लोक म्हणाले, असे होते कधी कधी. दुसरीचा गेला, तिसरीचा गेला. सुखदेवकडे एक दोरी असे. गाय गाभण राहिली की तो तिच्या नावाने एक गाठ मारी, आणि ती सुखरूप व्याली की ज्याची गाय त्याच्या दारात उभा राहून, सर्वांसमक्ष, ती गाठ सोडी. त्यावर त्याला गूळ मिळे. गाठ सोडताना तो गाईशी बोलत असे, घरच्या लेकीशी बोलावे तसा — "झालं ना वं बाई? उगीच भेत होती." त्या वर्षी तो कोणाच्या दारात उभा राहिला नाही.

शेवटी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. तरुण होते, सायकलवरून आले होते, विजारीला चिखल. देवळासमोर गाव जमले. त्यांनी गाई पाहिल्या, वळू लांबून पाहिला — तो तेव्हा धडधाकट दिसत होता, लाली केव्हाच उतरली होती. मग त्यांनी वही उघडली आणि एकच प्रश्न विचारला. फार चांगला प्रश्न होता. आजही मला त्या तरुणाचे कौतुक वाटते.

"हा वळू सोडण्याआधी आजारी होता का? नाक वाहणं, पुरळ, ताप — काही? तसं असेल तर याला आजपासूनच वेगळा ठेवावा लागेल. कितीही देवाचा असो."

सुखदेव मागे उभा होता. तो खाकरला.

"व्हता, साहेब. अकराव्याच्या सकाळी. म्या महाराजाले सांगतलं व्हतं."

सगळी तोंडे माझ्याकडे वळली. बापूसाहेबांचेही. त्यांच्या वडिलांच्या नावाने सोडलेला वळू, तो रोगी होता असे म्हणणे — आणि मी? मी लक्षणे पाहून आणलेला नीलवृष. सुखदेव माझ्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर दोष देण्याचा भाव नव्हता. उलट एक हुरूप होता, उत्साह होता — आता महाराज सांगतील आणि सगळे नीट होईल, अशी. त्याने तर मान हलवून मला आठवणही दिली. "नदीवर, महाराज. तुमी आसन मांडून राह्यले व्हते तवा."

"महाराज?" बापूसाहेब म्हणाले. "सुखदेवनं तुमाले सांगतलं व्हतं?"

मी म्हणालो, "नाही."

एवढेच. एक शब्द. आवाज शांत होता. मला वाटते मी थोडेसे स्मितही केले. आणि मग, कोणी विचारलेले नसताना, दुसरे वाक्य जोडले, "गाभण गाई चराईच्या टेकडीच्या उतारावरून हाकल्या, तर दुसरे काय होणार?"

हे दुसरे वाक्य कुठून आले? मी पन्नास वर्षांहून अधिक काळ स्वतःला विचारतो आहे. पहिला शब्द भीतीने आला असे म्हणता येईल. दुसऱ्या वाक्याला भीतीची गरज नव्हती. पहिला शब्द एकदा उच्चारला आणि त्यानंतर काही क्षणांतच — पंचांगाच्या पाठीवरचे वर्तुळ पाहताना मला हेच दिसले — बाहेरून मी जसाच्या तसा, गंध, उपरणे, शांत मुद्रा. आणि आत सर्व कामकरी नव्या धन्यासाठी काम करू लागले होते.

"अन् काय रे सुखदेव," कोणी तरी म्हणाले, "आपली चूक देवाच्या बैलावर ढकलते?" दुसरा म्हणाला, "मोठा डॉक्टर झाला बे तू." लोक हसले. बापूसाहेब म्हणाले, "महाराज नाही म्हणते, तर नाही." डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग वही मिटली. वळू मोकळा राहिला. पुढच्या वर्षी आणखी गाईंनी गाभ टाकला, आणि तोपर्यंत विचारायला कोणी मागे राहिले नव्हते, कारण डॉक्टर येऊन गेले त्याच आठवड्यात सुखदेवकडून गुरे काढून घेतली गेली.

गुरे गेली म्हणजे गावात त्याचे काय उरले? तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, सोनाळ्याकडे निघाला. जायच्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी आला. पायरीखालीच उभा राहिला, नेहमीप्रमाणे. मला वाटले आता हा बोलेल. मी उत्तर तयार केले होते. मंत्र म्हणावा तसे ते मी मनात घोकून ठेवले होते.

त्याने ती दोरी पायरीवर ठेवली. सात गाठी होत्या, एकही सुटलेली नव्हती.

"तुमच्यापाशी राहू द्या, महाराज," तो म्हणाला. "मले आता कामाची नाही."

हात जोडले, जसे रोज जोडत असे, आणि गेला. त्यानंतर मी त्याला पाहिले नाही. काही वर्षांनी कोणी तरी सहज सांगितले की तो तिकडे वारला. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करीत होता. गुरांना पुन्हा हात लावला नाही. मी हो का, असे म्हणालो. त्या सायंकाळी माझे प्रवचन होते. ते चांगले झाले.

मला यासाठी कधी काही सोसावे लागले नाही, हे तू लक्षात घे. नीलवृषामुळे माझे नाव झाले. दूरदूरची बोलावणी आली. लोक माझ्या पाया पडले. दोरी मी पोथ्यांच्या पेटीत, तळाशी, लाल फडक्यात गुंडाळून ठेवली. फेकली नाही. याला पश्चात्ताप म्हणावे का? मला तसे म्हणवत नाही. फेकताना कोणी पाहिले असते.

मी वैदेहीला विचारले — अर्थात सुखदेवचे नाव न घेता, एका जुन्या वळूची गोष्ट म्हणून — की तो हाच रोग असेल का? तिने लक्षणे ऐकली. प्रामाणिक मुलगी. म्हणाली, "जुळतंय खरं. पण रक्त तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. त्या काळी आपल्याकडे कोणी हे शोधलंच नव्हतं." आणि माझ्या मनात लगेच काय आले, सांगू? कदाचित तो रोग नसेलच. कदाचित उतारच कारण असेल. या वयात, त्या क्षणी, मला केवढे हलके वाटले. पण त्याने काय बदलते? डॉक्टरांनी मला रोगाचे नाव विचारले नव्हते. बापूसाहेबांनी विचारले होते, की त्याने सांगितले होते का.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जाता जाता, पंचांग मिटताना. हा विषाणू जात नाही. जनावर बरे होते, लाली उतरते, पण तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन निजून राहतो — वर्षानुवर्षे, जन्मभर. जनावर दमले, भ्याले, अडचणीत सापडले, की उठतो. तोच. जसाच्या तसा.

यातही मला आनंदच झाला, ज्ञानाचा. वा, किती चमत्कारिक रचना, असे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या पोथ्यांची पेटी झाडायला बसली. तळाचे लाल फडके तिच्या हाती लागले. तिने दोरी वर धरली, उन्हात. "आजोबा, ही गाठींची दोरी कसली?"

विचार करायला मला वेळ लागला नाही. जरासुद्धा नाही. "जपाची," मी म्हणालो.

तिने ती कपाळाला लावली, आदराने, आणि परत गुंडाळून ठेवली.

ती कपाळाला लावलेली दोरी मी पाहिली, आणि त्या दिवसापासून लिहितो आहे. वैदेही उद्या पुन्हा येते आहे. दोरी मी पेटीतून काढून ओसरीवर, खुंटीला टांगली आहे. ती विचारील तेव्हा तिला सांगेन कसली ते. नाही विचारले तरी सांगेन. क्षमा मी तिच्याकडे मागणार नाही. ती तिच्याजवळ नाही, तुझ्याजवळही नाही.

एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला आहे, देवळासमोर, उघड्या वहीवर. डॉक्टर, वळू सोडण्याआधी आजारी होता. नाक लाल होते, मागे पुरळ होते, कान तापलेला होता. तो मी माझ्या हातात धरला होता. आणि बापूसाहेब — होय. सुखदेवने मला सांगितले होते.